एक नंबरची खाट

देवव्रतला नाही म्हणायला फार जड जातं. मुलुंडला त्याच्या सोसायटीत रविवारी सकाळी कुणी खोकत दार वाजवलं, तरी हातातला चहा ठेवून तो उठतो. घाटकोपरच्या ज्या इस्पितळात तो डॉक्टर आहे, तिथल्या नर्स म्हणतात, "आमचे सर ओरडत नाहीत. नुसतं वाईट वाटल्यासारखं बघतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं."

त्याचा पुरुषांचा वॉर्ड लांबलचक आहे. दाराशी सिस्टरचं टेबल आणि टेबलाला लागून एक नंबरची खाट. सगळ्यात अवघड पेशंट त्या खाटेवर ठेवायचा, ही तिथली जुनी पद्धत. सिस्टरने इंजेक्शन भरता भरता मान वर केली, की त्याची छाती हलताना दिसली पाहिजे. सोय चांगलीच आहे. पण पेशंटांना दिसतं ते वेगळंच. एक नंबरला गेलेला माणूस बहुधा चालत घरी जात नाही. मुळात अवघड होता म्हणूनच तिथे नेला, हे घाबरून पडलेल्या माणसाला कोण पटवणार?

त्या सकाळच्या राउंडला रतनचा ऑक्सिजन उतरलेला होता. रतन नळदुरुस्तीची कामं करणारा, चाळिशीचा, अंगाने काटक. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. त्याची खाट पार दुसऱ्या टोकाला, बाथरूमजवळ.

"सिस्टर, याला एक नंबरला घ्या," देवव्रत म्हणाला.

रतनने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "साहेब, तिथे नको. काल तिथनं त्या काकांना नेलं, मी बघितलं ना."

"अरे, त्यांचं वय काय, तुझं काय! आणि तो मास्क लाव आधी."

रतनची बायको प्रियंका पायाशी उभी होती. तिने हातच जोडले. "डॉक्टर, हा रात्रभर त्या खाटेकडेच बघत होता. तिथे नेलंत तर भीतीनेच जाईल. पाया पडते तुमच्या."

"ताई, खाट काय कुणाला खाते का?" नीला सिस्टर म्हणाल्या. "मी तिथे जवळ असते, म्हणून नेतोय." मग देवव्रतकडे वळून हळूच, "सर, आज आम्ही दोघीच आहोत. इतक्या लांब माझी नजर नाही पोचत."

देवव्रतने रतनकडे बघितलं, प्रियंकाच्या हातांकडे बघितलं.

"आज राहू दे," तो म्हणाला. "संध्याकाळी बघू. पण रतन, उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. भांडं मागायचं."

"हो साहेब!" रतन इतका मोकळा हसला, की आपण काही चांगलं केलं असं देवव्रतला वाटलं.

नीला सिस्टरनी ट्रॉली जरा जोरात ढकलली, एवढंच.

दुपारी भेटीच्या वेळेला वॉर्ड डब्यांनी आणि शहाळ्यांनी भरला. प्रियंका औषध आणायला खाली गेली. एवढ्या बायकामाणसांत भांडं मागायची रतनला लाज वाटली असावी. मास्क काढून, भिंतीला धरत तो बाथरूममध्ये गेला. नीला सिस्टर दाराकडच्या एकाला सलाइन लावत होत्या. दुसरी सिस्टर पेशंटला घेऊन एक्स-रेला गेली होती. शेजारच्या खाटेवरच्याने ओरडून हाक मारली, तेव्हा रतन बेसिनखाली पडला होता. ओठ निळे झाले होते.

देवव्रत जिना धावत चढून आला. तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्याने छाती दाबायला सुरुवात केली. तो दमला की नीला सिस्टर, त्या दमल्या की पुन्हा तो. शेवटी त्याच म्हणाल्या, "सर. पुरे आता."

तरी तो आणखी थोडा वेळ दाबत राहिला.

प्रियंकाला टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं. औषधाची पिशवी तिच्या हातात तशीच होती. समोर एक नंबरची खाट, रिकामी. तिने त्या खाटेकडे बघतच विचारलं, "इथे आणला असता तर वाचला असता का?"

देवव्रतच्या तोंडाशी दोन्ही उत्तरं आली. नाही म्हटलं तर हिच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि आपल्याही. म्हणूनच ते म्हणवेना. हो म्हटलं तर ही बाई जन्मभर स्वतःचे जोडलेले हात आठवत बसेल.

"नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "आजार मोठा होता. पण इथे असता तर उठताना सिस्टरना दिसला असता."

"मीच नको म्हटलं."

"तुम्ही म्हणणारच. तुमचं माणूस होतं. ते न ऐकणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे. तुमची नाही, सिस्टरचीही नाही."

प्रियंकाने खाटेवरची नजर त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "एवढे शिकलेले तुम्ही. माझं कशाला ऐकलंत?"



दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी नीला सिस्टरना बोलावलं. देवव्रत न बोलावता गेला आणि चूक माझी, हेच पुन्हा बोलला. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मीही जोर लावायला हवा होता, सर. तुमचा चेहरा बघितला नि गप्प बसले."

"माझ्या चेहऱ्याकडे बघत जाऊ नका," तो म्हणाला.

पुढे काही दिवसांनी मानखुर्दचे एक आजोबा आले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. त्यांची मुलगी रेवती दारातच हात जोडून म्हणाली, "एक नंबर सोडून कुठेही ठेवा. बाहेर पॅसेजमध्येसुद्धा चालेल."

"नाही," देवव्रत म्हणाला. "तिथेच." आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

भाऊंनी खाटेवर टेकत विचारलं, "इथनं कुणी घरी गेलंय का हो, सिस्टर?"

"गेलेत की! एक तर जाताना माझं पेन घेऊन गेले. तुम्ही नेऊ नका हां."

भाऊ हसले. करण्यासारखं होतं ते सगळं वेळेवर झालं. नजर एकदाही हटली नाही. तरी त्याच खाटेवर, नीला सिस्टरचा हात मनगटावर असताना, भाऊ गेले.

"सांगितलं होतं ना तुम्हाला?" रेवती सगळ्या वॉर्डादेखत ओरडली. "हात जोडून सांगितलं होतं!"

देवव्रतने खाली मान घालून ऐकून घेतलं. समजावायला गेला नाही.

खाट पुसून झाली, धुतलेली चादर घातली. सगळे पेशंट तिकडेच बघत होते.

"आता इथे कोणाला घ्यायचं, सर?" नीला सिस्टरनी विचारलं.

देवव्रत चालत पार बाथरूमच्या टोकापर्यंत गेला. रतनच्या खाटेवर आता विकी नावाचा तरुण होता, सकाळपासून त्याचा श्वास वाढलेला. डॉक्टरांना आपल्याकडे येताना बघून त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"चल रे," देवव्रत म्हणाला, आणि पायाने खाटेच्या चाकांचा ब्रेक सोडला.