आधी भिऊन घेणारी बाई

गावावरच्या सड्यावरचा, त्या उघड्या कातळी माळावरचा दगड उलटायच्या आधी ती थांबायची. दोन्ही हात पाठीमागे बांधून डोळे मिटायची आणि म्हणायची, “थांबा जरा. माका आधी भियावन घेवंदे.”

मग बरोबरचे आम्ही सगळे थांबायचो. ती खरोखरच भ्यायची. तुम्ही तेव्हा तिच्याकडे पाहिलं असतंत तर तिला घरी घेऊन गेला असतात. कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे. थोड्या वेळाने ती डोळे उघडायची, लांब चिमटा हातात घ्यायची आणि दगड उलटायची. खाली बहुतेक वेळा विंचू असायचा, नाहीतर काहीच नसायचं. कधीतरी फुरसं असायचं. वीतभर, मातकट, अंगाला अंग घासून तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज करणारं.

मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सिस्टर होते. आमच्या घरामागच्या दोन खोल्या तिने भाड्याने घेतल्या होत्या. मालवणजवळच्या किरिस्तांव घरातली मुलगी. गोव्यात शिकली, मग परदेशात गेली आणि तिथे बरीच वर्षं केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांची जनुकं तपासत बसली. “चिलटां चावनत नाय,” असं ती त्या वर्षांबद्दल फार आदराने सांगायची.

इथे ती फुरशांची जनुकं गोळा करायला आली होती. म्हणजे कात, शेपटीच्या खवल्याचा कपटा, मेलेल्या सापाचा तुकडा. वनखात्याची परवानगी होती, पण वाडीतल्या लोकांना परवानगीचं काय. फुरसं मारलं की बिस्किटाच्या पुड्यात घालून ते आमच्या पडवीत आणून ठेवायचे. ती प्रत्येकाला आधी विचारायची, नक्की मेलंय ना, आणि तरीही पुडा काठीने उघडायची. तुकड्यांच्या नळ्या तिने माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्या. वरच्या कप्प्यात बांगडे, खालच्या कप्प्यात फुरशाच्या शेपट्या. शेजारणींनी माझ्याकडे बर्फ मागणं बंद केलं.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं तेव्हा तिने मला सोलकढीवरून समजावलं. सोलं आणि नारळ सगळ्यांकडे तेच, पण प्रत्येक घरची कढी वेगळी लागते. तसं फुरसं सगळीकडे एकच दिसलं तरी लाखो वर्षं वेगवेगळ्या मुलखांत राहून त्याचं विष थोडं थोडं बदलत गेलंय. आपलं औषध दूरच्या मुलखातल्या सापांच्या विषावरून बनतं. इथल्या चाव्याला ते किती लागू पडतं, हे तिला त्या जनुकांतून शोधायचं होतं.

यातलं अर्धं मला तिच्याआधीच ठाऊक होतं, फक्त कारण ठाऊक नव्हतं. गवतकापणीच्या दिवसांत आमच्याकडे फुरसं चावलेल्या बायका यायच्या. हिरड्यांतून रक्त येत असायचं, आणि औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या लावूनही ते थांबायला वेळ लागायचा. लहानपणी तिने स्वतःच्या अंगणात तशी एक बाई पाहिली होती. त्यांच्याकडे गवत कापायला यायची ती. रिक्षा येईपर्यंत ती पायरीवर बसून होती आणि पदराने पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती.

तिची भीती नुसती सापाची नव्हती, हे मला उशिरा कळलं. एका संध्याकाळी पेज जेवताना तिने सांगितलं. सापांचं काम सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी, दुसऱ्या एका जिल्ह्यात, तिला फुरसं चावलं होतं. विषाने झालं नाही इतकं त्यावरच्या औषधाने झालं. सगळं अंग गांधी उठून सुजलं, घसा बंद झाला. वाचली, पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं की पुढच्या वेळी हेच औषध याहून वाईट बाधू शकेल.

“म्हणजे आता माका दोन भिती,” ती म्हणाली. “एक फुरशाची, एक औषदाची.”

मी तिला चिलटांकडे परत जा म्हटलं. ती हसली आणि ताटली उचलून विसळायला गेली.

ज्या दिवशी व्हायचं ते झालं, त्या दिवशी ती सड्यावर गेलीच नव्हती. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी न्हाणीघराच्या चुलीत घालायला ती सोडणं आणायला गेली. नारळाच्या सोडणांचा ढीग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होता. ओरडली नाही ती. खिडकीतून मला नेहमीच्या आवाजात ऐकू आलं, “सिस्टर, माका चावला.”

बाहेर आले तर ती खाली बसली होती आणि उजव्या हाताचं बोट डोळ्यांसमोर धरून पाहत होती. शेजारच्या बाबलने फुरसं काठीने ठेचलं आणि रिक्षा काढली. मी तिचा हात फळीला बांधला. वाटेत तिने माझा पदर मुठीत धरला होता. “सायबा, माका पाव,” एवढंच म्हणत होती.

रुग्णालयात आम्ही काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटांत रक्त गोठलं पाहिजे. नाही गोठलं तर विष भिनलंय. ही नळी मी आयुष्यभर पाहत आले, पण त्या दिवशी नळीकडे बघवेना. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

डॉक्टर तरुण होता, नुकताच आला होता. औषध तिला बाधतं हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. गोव्याला मोठ्या इस्पितळात पाठवू का, असं तो मला बाजूला घेऊन विचारत होता, तेवढ्यात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, मॅडम, यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, काय करू?

ती शुद्ध मराठीत म्हणाली, “मला काही कळत नाही, डॉक्टर. मला फक्त भीती वाटतेय.” मग माझ्याकडे वळली. “सिस्टर, तूच बाटली लाव गो.”

मी लावली. थेंब अगदी सावकाश सोडला. थोड्याच वेळात तिच्या मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरने बाटली बंद केली, मांडीत इंजेक्शन दिलं. गांधी बसल्या. पुन्हा बाटली सुरू केली. पुन्हा तेच. त्या सगळ्या वेळात तिने माझ्यावरची नजर हलवली नाही. मी तिला सांगत होते की सगळं ठीक चाललंय, आणि मला वाटत होतं की ती आता माझ्यासमोर मरणार.

दुपार कलल्यावर नवी नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. तिला सांगायला गेले तर तिने डोळे अर्धवट उघडून विचारलं, “बाबलान ता टाकल्यान नाय मां?”

मला राग आला. पण घरी जाऊन कचऱ्याच्या खड्ड्यातून मी ते ठेचलेलं फुरसं चिमट्याने वर काढलं, शेपटी कापली आणि तिच्या नमुन्यांच्या नळीत घातली.

ती बरी झाली. बोट वाकडंच राहिलं. तिच्या संस्थेने तिला परत बोलावलं आणि सड्यावर फिरणं कायमचं बंद केलं. आता ती मोठ्या शहरात बसून त्या शेपट्यांतली जनुकांची अक्षरं वाचते. तिचे विद्यार्थी येतात, माझ्याकडेच उतरतात. औषध अजून जुनंच येतं. बदलेल, असं ती फोनवर सांगते, पण फार जोर देऊन नाही. गवतकापणी जवळ आली की मी वाडीतल्या बायकांना आधी गवतात काठी आपटायला सांगत फिरते.

ती स्वतः परत आली नाही. शेवटची दिसली ती हायवेवर, तळेऱ्याच्या फाट्याला. मी तिला बसमध्ये बसवायला गेले होते. वाडीतल्या सगळ्यांनी तिची समजूत घातली होती, काम अर्धवट सुटलं म्हणून. फाट्यावर उभी असताना ती हळूच म्हणाली, “सगळ्यांका दिसता माका वाईट वाटता. माका सुटल्यासारख्या वाटता गो. ह्या बरा काय?”

मी तिचा वाकड्या बोटाचा हात धरून उभी राहिले. मग बस आली. ती चढली, खिडकीजवळची जागा मिळाली. मला वाटलं, ती हात करील. पण ती आधी वाकून सीटखाली पाहत होती. मग तिने दोन्ही पाय वर उचलून घेतले, सीटवर मांडी घातली आणि साडीचा काठ पावलांखाली नीट खोचून घेतला. बस वळली.