अँप्लीवाली आत्या

आमच्या आत्याकडे गाणं ऐकायला कुणी आलं, की ती त्याला खुर्चीत बसवायची, पाणी द्यायची, अँप्ली सुरू करायची आणि स्वतः घराबाहेर निघून जायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई दूध आणायला गेल्या असतील. गाणं संपत यायचं तरी बाईंचा पत्ता नाही. मग तो खिडकीतून डोकावायचा, तर आत्या रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली पदर खोचून, डोळे मिटून उभी! एस.टी. गेली, ट्रॅक्टर गेला, तरी जागची हलायची नाही. कपाळाला आठी तेवढी पडायची. त्या ट्रॅक्टरवाल्याचा मनातल्या मनात उद्धार चाललेला असायचा.

ही माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती आणि राहायला निमगाव केतकीला. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, एस.टी.त ड्रायव्हर होते, ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका नातवंडांत रमल्या आणि आत्या जुन्या अँप्लीफायरांत. रेकॉर्डचा नाहीतर टेपचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारी ही पेटी एके काळी हौशी घरात असायचीच. आता तिला विचारतो कोण? कुणी ती भंगारवाल्याला द्यायला काढली, की आधी आत्याला निरोप जायचा. तिच्या घरी शोकेसमध्ये कपबश्यांच्या जागी अँप्ली, कपाटावर अँप्ली, पिठाच्या डब्याशेजारी अँप्ली. काही व्हॉल्व्हचे, काही लाकडी खोक्यातले, काही आखातातून कुणीतरी आणलेले, पुढे दोन काटे नाचणारे. समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखालचा कोनाडा तेवढा मोकळा होता. मी एकदा म्हटलं, "आत्या, तिथंही एखादा बसवून टाक." तर म्हणाली, "गप गं. त्यांना तरी शांतता नको का?"

दवाखाना सुटला तरी नर्स काही सुटली नव्हती. नवा अँप्ली आला की आधी ती त्याच्या पाठीवर पालथा हात ठेवायची. "ताप हाय जरा. पर व्हॉल्वचाच ताप हाय, काळजी न्हाय." मग कान लावायची. मागे घुर्र असा आवाज आला, की म्हणायची, "कण्हतोय बिचारा. कंडेन्सर गेला असंल." बारामतीला तिचा ठरलेला मेकॅनिक होता. त्याच्याकडे ती मशीन पिशवीतून नव्हे, मांडीवर घेऊन एस.टी.ने न्यायची. व्हॉल्व्ह तापून आवाज यायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात कुणी बटणाशी खुटखुट केली, तर हातावर चापट. "थांब की! जागा तर हू दे त्याला."

पण अँप्लीची खरी पारख व्हायची ती लिंबाखालीच. आत बसून कौतुक करणाऱ्याला ती म्हणायची, "आतून समदंच ग्वाड लागतं. भाईर उभं राहून ऐक." एकदा पुण्याचे एक गृहस्थ आले. त्यांना असल्या मशीनींचा भारी नाद. लाकडी खोक्यातला एक अँप्ली त्यांनी हेरला होता. खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ओढून ते समाधी लावून बसले, तर आत्याने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि भर उन्हात रस्ता ओलांडायला लावला. लिंबाची सावली त्या वेळी हातभरच होती. तिने त्यांना सावलीत ढकललं आणि आपण उन्हात उभी राहिली. "तुमी सावलीला व्हा," ती म्हणाली, "आन् आता ऐका." गृहस्थ निमूटपणे ऐकत राहिले. जाताना म्हणाले, "बाई, हा काही मी मागत नाही. याचं गिऱ्हाईक तुम्हीच." पुढे ते दर हिवाळ्यात यायचे आणि आल्या आल्या न सांगता लिंबाखाली जाऊन उभे राहायचे.

मला मात्र हे लिंब प्रकरण वेडेपणाचं वाटायचं. एका दुपारी ती ओट्यावर शेंगा निवडत होती. मी सरळच विचारलं, "एवढ्या मशीनी घेतेस आणि ऐकतेस रस्त्यावरून. लोक हसतात आत्या."

"हसू दे की. दात हायत, हसत्यात." मग शेंगा निवडता निवडताच तिने सांगितलं.

ती लहान असताना आमचं घर कोऱ्हाळे बुद्रुकला होतं. आज्जी एका बागायतदाराच्या उसात खुरपायला जायची आणि आत्या तिच्या मागोमाग. संध्याकाळी गवताचा भारा घेऊन परत येताना त्या बागायतदाराच्या घराची मागची भिंत लागायची. आत रेकॉर्ड लागलेली असायची. आज्जी भारा भिंतीला टेकवून उभी राहायची, एक गाणं होईपर्यंत. भिंतीला थोडी सावली असायची. त्यात ती पोरीला उभी करायची आणि स्वतः कलत्या उन्हात थांबायची. गाणं संपलं की आतली मशीन नुसतीच घुमत राहायची, घुर्रर्र. त्या घुमण्यावर आत्या दोन्ही हातांनी भारा उचलून आईच्या डोक्यावर द्यायची, आणि दोघी घरी यायच्या.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे दिवसभर त्यांच्या उसात राबायचं आणि गाणं भिंतीबाहेरून ऐकायचं? आत बसा म्हणायला जीभ झडली होती का त्यांची?"

"आत कोण घेतंय तवा आमाला!" ती म्हणाली. "पर एक सांगते सुजे. त्यांनी भाईर ठिवलं ते येगळं, आन् आमी उभं राहायचो ते येगळं. दिसभरात आई तेवढीच उभी राहायची, काय काम न करता. माझ्यासंगं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मशीन तिने कधी पाहिलीच नव्हती! फक्त भिंतीबाहेरून ऐकली होती. म्हणून प्रत्येक अँप्ली आणायचा, वाजवायचा आणि बाहेर जाऊन बघायचं, हाच का तो? मी शोकेसकडे बोट केलं. "यातला कुठला?"

"ह्यातला एकबी न्हाय," ती म्हणाली आणि शेंगा घेऊन आत गेली.

मी बारामतीत बँकेत नोकरी करते. त्या बागायतदाराचा नातू आमच्याच शाखेत येतो, हे मला माहीत होतं. कधी नव्हे ती भीड मोडून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आजोबांचं काहीतरी आहे खरं माळ्यावर." आत्याला सांगितलं तर ती दोन दिवस जेवली नाही धड. मग एकच अट घातली. मशीन इकडे आणायची नाही, तिथंच वाजवायची. आणि मेकॅनिकला बजावलं, "जळणार न्हाय एवढं बघ. पर घुर्र काढायची न्हाय. हात लावशील तर बघ!" जन्मभर कण्हणं बरं करत आलेली बाई हे बोलत होती. मेकॅनिक माझ्याकडे बघायला लागला.

आम्ही कोऱ्हाळ्याला गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नातू दारापर्यंत सामोरा आला. चहा झाला. आत्या इस्त्रीची साडी नेसून सोफ्याच्या कडेवर बसली होती. टेबलावर मशीन होती, राखाडी पत्र्याची, कसलीही शोभा नसलेली पेटी. आत्या तिच्याकडे टक लावून बघत राहिली. जन्मभर जिच्यासाठी रस्ता ओलांडला ती ही एवढीशी! गाणं लागलं. तिने मांडीवर हात ठेवून शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "छान हाय. दादा, परत एकदा लावता का? मी मागनं ऐकून येते."

"मावशी, तिकडं कशाला? इथंच बसा की निवांत," नातू ओशाळून म्हणाला.

"बसले की. तुमी बसवलं, लई बरं वाटलं. आता ऐकून येते."

मी तिच्या मागे गेले. मागची भिंत तीच होती, नुसती गिलावा केलेली. तिथे आता ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली होती. आत्याने पायाने नळ्या सारल्या, जागा केली. मला ओढून भिंतीच्या सावलीत उभं केलं, "तू सावलीला हो" म्हणाली आणि आपण उन्हात थांबली. गाणं सुरू झालं. भिंतीतून येताना त्याचा आवाज रांजणात बोलल्यासारखा भरीव झाला होता. मला जुन्या मशीनींतलं काही कळत नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. गाणं संपलं, आणि मशीन घुमायला लागली. घुर्रर्र.

आत्याचे डोळे मिटलेले होते. तिचे दोन्ही हात आपोआप खाली गेले, काहीतरी धरल्यासारखे वर आले आणि तिच्या डोक्याच्याही वर जाऊन तसेच थांबले. पेलायला समोर कुणी नव्हतं. मग हळूहळू ते खाली आले.

"ह्योच गं," ती म्हणाली. "ह्योच हाय. पर आई न्हाय." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली. जन्मभर पेशंटच्या नातेवाइकांना धीर देणारी माझी आत्या!

नातू मशीन गाडीत ठेवायला निघाला होता. आत्याने नको म्हटलं. "ते हितलंच हाय. अधनंमधनं वाजवत जावा म्हंजे झालं." त्यानंतर तिने एकही अँप्ली आणला नाही. लिंबाखाली मात्र जात राहिली. मी रविवारी गेले, की मलाही हाक मारायची. आम्ही दोघी उभ्या राहायचो, ती उन्हात, मी सावलीत. मी बाजू बदलायला गेले तर रागवायची.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. ज्या दवाखान्यात नोकरी केली, तिथेच. शेवटच्या दिवसांत मी विचारलं होतं, "तुझ्या मशीनींचं काय करू?" ती म्हणाली, "वाजवत जा. नुसत्या ठिवल्या की मरत्यात त्या." मी मान हलवली. तिने माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, नर्सच ती. "ताप न्हाय तुला," एवढंच म्हणाली.

म्हणून मी रविवारी निमगावला जाते. कुलूप काढते, पाळी असेल तो अँप्ली लावते, पाठीवर हात ठेवून तापू देते. मग दार सताड उघडं टाकते आणि रस्ता ओलांडून लिंबाखाली जाते. गाणं ऐकू येतं. जाणारे-येणारे विचारतात, "ताई, उन्हात का उभ्या?" ऊन चांगलंच चटकतं. पण सावलीची बाजू मी मोकळीच ठेवते.