बेसबॉलच्या ताई

ताईंनी आम्हाला कधी शाबासकी दिली नाही. कुणी पाठमोरं धावत जाऊन अशक्य झेल घेतला, कुणी थेट कुंपणाबाहेर फटका मारला, की आम्ही सगळे ओरडायचो, शिट्ट्या मारायचो. ताई कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. गोंगाट ओसरला की म्हणायच्या, "झालं ना? पुढचा." चूक झाली तरी हेच. रोडेल नावाचा आमचा फिलिपिनो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एकदा ओळीने वाकडे चेंडू टाकून रडवेला झाला होता. ताई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या हातात नवा चेंडू ठेवला आणि म्हणाल्या, "नेक्स्ट." एवढंच. आम्हाला त्या फार कोरड्या वाटायच्या.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. दुबईत जबल अलीला आमच्या कंपनीची मोठमोठी गोदामं होती आणि कंपनीचे जपानी साहेब बेसबॉलवेडे होते. त्यांनी निरनिराळ्या देशांतून विशी-बाविशीची पोरं गोळा केली. व्हिसावर कुणी स्टोअरकीपर, कुणी हेल्पर. पण खरं तर आम्हाला आणलं होतं खेळायलाच. मी नाशिकला कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो, त्या जोरावर माझी निवड झाली. सकाळी गोदाम, दुपारी कंपनीच्या बसने कुसैसच्या पलीकडे शारजाच्या हद्दीजवळचं वाळूचं मैदान. दोन मोसम आम्ही तळाला राहिलो. तिसऱ्याच्या सुरुवातीला साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "धिस सीझन. ऑर फिनिश." शेजारी बसलेल्या सावंताने माझ्या कानात त्याचं भाषांतर केलं, "खलास. व्हिसा कॅन्सल करून घरी."

सावंत देवगडचा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि संघात सगळ्यांत वेगाने पळायचा. घरी परत जाणं त्याला परवडणारं नव्हतं. मलाही नव्हतं.

ताई संघात आल्या त्या अपघातानेच. त्यांचे यजमान आमच्या परचेस डिपार्टमेंटला होते. मी त्यांना भाऊजी म्हणायचो. मऊ बोलणारा, सुपारी खाणारा माणूस; खेळातलं काही कळत नसताना मराठी पोरं खेळतात म्हणून शुक्रवारच्या सुट्टीला मैदानावर यायचा. एका शुक्रवारी ते बायको आणि मुलीला घेऊन आले. मी कॅचर होतो, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू पकडणारा. एक चेंडू माझ्या हातातून निसटला आणि मी तो कुठे गेला ते बघत उभा राहिलो. कुंपणाकडून बाईचा आवाज आला, "काहून थांबला बे? कोनी थांब म्हनलं तुले?"

मी वळून पाहिलं. कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट. चिडलेल्या. भाऊजी बिचारे ओशाळून हसत होते. मागाहून ते मला म्हणाले, "सॉरी हं. ही अमरावतीची. लग्नाआधी राज्याकडून सॉफ्टबॉल खेळायची. अजून तिच्या अंगातून गेलं नाही."

साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात ताई आमच्या कोच झाल्या. सावंत बसमध्ये म्हणाला, "बाईमाणूस आपणाक काय शिकवतला?" ताईंच्या ते कानावर गेलंच. मैदानावर त्यांनी त्याला पुढे बोलावलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मी शिकवणार नाही. पळवणार आहे. यल्ला, चल." ऊन उतरेपर्यंत त्याला पळवलं. दुसऱ्या दिवशी तो फोर्कलिफ्टवर चढताना कण्हत होता, पण नंतर त्याने तो विषय काढला नाही.

ताईंचं गणित साधं होतं. बाकीचे संघ, विशेषतः अबू धाबीचा तेल कंपनीचा अमेरिकन संघ, म्हणजे आडदांड माणसं. फटका मारला की चेंडू पलीकडच्या रस्त्यावर. त्या म्हणायच्या, "ते हत्ती आहेत. आपण मुंग्या. मुंगीने हत्तीसारखं चालायला गेलं तर कसं होईल?" त्यांनी आम्हाला मोठे फटके मारणं बंद करायला लावलं. बॅट नुसती आडवी धरायची, चेंडू जेमतेम पायापुढे पडू द्यायचा आणि समोरचे गोंधळलेले असताना पळायचं. एक बेस, म्हणजे धावेतला एक टप्पा, मिळाला की समोरच्यांचं लक्ष नसताना पळून दुसरा चोरायचा. सगळी भिस्त पायांवर. लाहोरचा इम्रान म्हणायचा, "ये बेसबॉल नहीं है ताई, ये तो चोरी है." ताई म्हणायच्या, "चोरी ही सही. पकडा मत जाना." राग आला की मात्र हिंदी, इंग्रजी, शुद्ध मराठी सगळं गळून पडायचं आणि वऱ्हाडी यायची. फिलिपिनो पोरांना तिचा अर्थ कळत नसे, पण तीही एकमेकांना "काहून? काहून?" म्हणून ओरडायला लागली होती.

आम्ही जिंकायला लागलो. पहिला सामना जिंकलो तेव्हा समोरच्यांना तो योगायोग वाटला. मग दुसरा जिंकलो. मग मागच्या वर्षीच्या उपविजेत्यांना हरवलं. कँटीनमध्ये लोक आमच्यासाठी जागा करू लागले. साहेब प्रॅक्टिसला येऊन, कोट हातावर टाकून वाळूत उभे राहायचे. भाऊजी घरून लिंबाच्या सरबताचा मोठा कूलर आणायचे आणि प्रत्येकाला स्वतः ग्लास भरून द्यायचे. ताईंना द्यायला गेले की ताई मैदानावरची नजर न काढता हात पुढे करायच्या, आणि ते बरोबर त्या हातात ग्लास ठेवायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी ऑफिसात भाऊजी फोनवर कुठल्याशा सप्लायरशी बोलत होते. बोलणं झालं, रिसीव्हर खाली ठेवला आणि डोकं टेबलावर टेकवलं. शेजारच्याला वाटलं, दमले असतील. मी डिलिव्हरीचे कागद घेऊन वर गेलो होतो, म्हणून मी तिथे होतो. आम्ही त्यांना खाली आणलं, गाडीत घातलं, हॉस्पिटलला नेलं. सगळं रीतसर आणि भराभर झालं, आणि काही उपयोग झाला नाही.

ताईंना सांगायला मी आणि कंपनीची व्हिसाची, सरकारी कामं बघणारा मल्याळी पीआरओ गेलो. कुसैसच्या फ्लॅटचं दार त्यांनीच उघडलं. हातात अर्धी सोललेली काकडी होती. त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

"गेले का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. आत गेल्या, गॅस बंद केला, काकडी झाकून ठेवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "श्रेयाला घ्यायला खाली जायला हवं. तिची बस अडीचला येते." पीआरओच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईंनी त्याला पाणी आणून दिलं.

भाऊजींना घेऊन त्या अमरावतीला गेल्या. त्या परत येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. नवरा नाही तर इथे राहणंही नाही. पण तेरावं झाल्यावर त्या मुलीला घेऊन आल्या. श्रेयाची वार्षिक परीक्षा व्हायची होती, घर आवरायचं होतं. साहेबांनी खटपट करून मार्चअखेरपर्यंतची मुदत मिळवून दिली. आल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी आमची बस मैदानावर पोचली तेव्हा त्या आधीच येऊन, फावड्याने बेसजवळची वाळू सारखी करत होत्या. आम्ही बसमधून उतरेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "काय झालं? उतरा."

मराठी मंडळींत कुजबुज झाली. एका ओळखीच्या काकूंनी मला गाठून विचारलं, "अरे, महिना नाही झाला आणि ही पोरांना पळवतेय? डोळ्यांत टिपूस नाही म्हणे." खरं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

एकदा प्रॅक्टिस संपल्यावर आम्ही दोघे साहित्य पोत्यात भरत होतो. ताई आपणहून बोलल्या. "मला काहीच वाटत नाहीये रे. लोकांना वाटतं मी धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, उठून चालता येतं, पण पायाखाली जमीन लागत नाही. तसं झालंय. घरी भिंती दिसतात. इथे निदान कुणीतरी पळताना दिसतं."

मी म्हटलं, "ताई, रडून घ्या एकदा."

"येत नाही ना," त्या म्हणाल्या. "तुला काय वाटतं, मी प्रयत्न केला नसेल?"

त्यानंतर आमचं खेळणंही तसंच झालं. कुणी शिट्टी मारत नव्हतं. इम्रान विनोद करत नव्हता. एखादं यंत्र चालू राहावं तसे आम्ही पळत होतो आणि सामने जिंकत होतो. फायनलला पोचलो तेव्हा बसमध्ये सावंत म्हणाला, "रे, आपण फायनलाक गेलंव. काय तरी बोला." इंजिनाचा आवाज ऐकत आम्ही कंपनीच्या राहायच्या कॅम्पवर परतलो.

फायनल अर्थातच हत्तींशी. मार्चचं ऊन, वाऱ्याबरोबर उडणारी वाळू, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन्हीकडची माणसं. रोडेलने त्या दिवशी जन्मात टाकले नव्हते असे चेंडू टाकले. शेवटच्या डावात दोघांचे गुण सारखे. आमचा सावंत तिसऱ्या बेसवर. तिथून तो होमपर्यंत, म्हणजे माझ्या पायाशी असलेल्या शेवटच्या बेसपर्यंत, पोचला की आम्ही जिंकलो. बॅट माझ्या हातात. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी उजव्या हाताने डावं कोपर चोळलं. म्हणजे बॅट आडवी धर आणि बाकी सावंतावर सोड.

त्यांच्या पिचरने हात मागे नेला तेव्हाच सावंत निघाला. मी बॅट आडवी केली. चेंडू तिला नुसता चाटून वाळूत पडला, वीतभर सरकला आणि थांबला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. धूळ उडाली. त्या धुळीतून सावंत पोटावर घसरत आला आणि त्याचा हात होमवर पडला. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. सुखरूप.

खुर्च्यांवरची आमची माणसं उठून नाचायला लागली. साहेबांनी टोपी हवेत उडवली. आम्ही खेळाडू मात्र जागच्या जागी उभे राहून ताईंकडे बघत होतो. श्रेया धावत आली, "आई, वी वन! आई, वी वन!" ताईंनी तिच्या केसांतली वाळू झटकली. "हो गं," म्हणाल्या. मग आमच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा घरी पाहुणे आल्यावर असतो तसा होता. काहीतरी करायला हवं हे कळत होतं, काय ते सुचत नव्हतं. त्या कपाजवळ आल्या, फोटोला आमच्या मधोमध उभ्या राहिल्या. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात एकही माणूस हसत नाही.

मार्च संपता संपता त्या गेल्या. दुपारची फ्लाइट होती. साहेबांनी गोदामाला अर्धी सुट्टी देऊन बस दिली, म्हणून सगळा संघ विमानतळावर गेला. रोडेल हुंदके देऊन रडला. ताईंनी त्याचा खांदा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "कीप इट वॉर्म. एसीखाली झोपू नको." प्रत्येकाला असंच काहीतरी सांगितलं. मला म्हणाल्या, "गुडघ्यांकडे बघ." मग मुलीचा हात धरून आत गेल्या. आम्ही काचेपाशी थोडा वेळ थांबलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी गोदामात मोठी कन्साइनमेंट होती.

संघ पुढे चालला. आम्हाला कुणी घरी पाठवलं नाही. सावंताने त्या नोकरीवर बहिणीचं लग्न केलं, देवगडला घर बांधलं. मीही बरीच वर्षं राहिलो. पुढे सुट्टीत एकदा नागपूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून अमरावतीला गेलो. ताई तिथे एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. केस बरेच पिकले होते. वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. श्रेया कॉलेजला गेली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी फारसा विचार न करता विचारलं, "ताई, मग कधी रडलात का?"

त्यांनी ताटं गोळा करणं थांबवलं.

"रडले ना. इथे आल्यावर दोन वर्षांनी," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याची स्पर्धा होती. माझ्या संघातली एक मुलगी, अशी काडी, दुसऱ्या बेसवर दाणकन पडली. गुडघा फुटला. उठली आणि रक्त बघून हसायला लागली. काय झालं मला, माहीत नाही. मी मैदानात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. हे गेले, ते मला तेव्हा कळलं. अंपायर धावत आला, मॅच थांबवली."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आणि त्या रडण्याच्या मध्येच मला आठवलं, आपण फायनल जिंकलो होतो! तो सावंत कसा घसरत आला होता रे! इतका आनंद झाला मला. दोन्ही एकदमच आलं बघ. मी रडतही होते नि हसतही होते. पोरी घाबरल्या बिचाऱ्या. एक म्हणे, ताई, काय झालं? मी म्हटलं, अगं, आम्ही जिंकलो."