टाकीतलं पीक

हिंगोलीत समुद्र आणायची बुद्धी मला कशी झाली, हे आता मलाही सांगता येत नाही. जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, वीज दिवसातून आठ-दहा तास जायची, उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि मी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडून बसलो होतो. पुण्यात शिकताना ज्याच्या खोलीवर राहिलो त्या मित्राला हा नाद होता. त्याने आपल्या टाकीतल्या प्रवाळाचा एक तुकडा मला दिला, आणि पाण्याच्या पिशवीत घालून तो मी हिंगोलीपर्यंत मांडीवर धरून आणला.

दगडाला चिकटलेली शर्टाच्या बटणाएवढी तोंडं होती ती. मध्य हिरवा आणि कडेने केशरी झालर. दिवा लागला की एकेक उघडायचं, आणि मला फार बरं वाटायचं. शेजारणीला वाटलं, अंगठीतलं पोवळं मी घरीच पिकवतोय. मंगळासाठी एखादं मिळेल का, असं तिने बायकोकडे विचारूनही ठेवलं.

टाकी खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून करून घेतली होती. समुद्राचं मीठ पुण्याहून पार्सलने यायचं, पाणी जारचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक असल्याने खारटपणा मोजायचं उपकरण दर शनिवारी तिथून 'जरा बघून आणतो' म्हणून घरी आणायचो. वीज गेली तर पाणी हलतं राहावं म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली होती. दोन मासे पहिल्या उन्हाळ्यातच मेले. प्रवाळ मात्र तगलं, पण रंगाने उतरत गेलं. केशरी कडा आधी फिकट झाल्या, मग हिरवाही पांढुरका दिसायला लागला.

माझा स्वभाव असा की मला काही नुसतं बघत बसता येत नाही. रंग उतरला की मी पाणी बदलायचो. बदलूनही सुधारला नाही की पुन्हा बदलायचो. दगड घासायचो, ट्यूबलाइट दोन बोटं खाली घ्यायचो, दुसऱ्या दिवशी वर. कॉलेजातून मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचो, टाकीत डोकावून परत जायचो. मित्र फोनवर म्हणायचा, पाण्यातून हात काढ. मी हो म्हणायचो आणि फोन ठेवून बाही वर करायचो.

याच दिवसांत दादांना घरी आणलं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. आई गेल्यावर दोन वर्षं ते गावी, सेनगावकडच्या गोरेगावला एकटेच राहिले. दम्याचा जुना आजार. दिवाळीआधी एकदा श्वास इतका कोंडला की गावच्या लोकांनी जीपमध्ये घालून हिंगोलीला आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी जीप मिळेलच असं नाही. शेत चुलतभावाला बटईने, निम्म्या वाट्यावर दिलं आणि दादांचं बिऱ्हाड, म्हणजे एक पत्र्याची पेटी, आमच्या बाहेरच्या खोलीत आलं.

राहायला ते तयारच नव्हते. मी आणि बायको दोघं नोकरीला, दिवसभर घर रिकामं. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी पेटीवर बसून ते एकच बोलायचे, "उद्या निघतो मी." बायको समजूत काढायची, मी चिडायचो. समजूत काढणं मला कधी जमलं नाही. मला एवढंच कळत होतं की ते गेले तर मी त्यांना गमावणार, आणि ही भीती माझ्या तोंडून रागानेच बाहेर पडायची.

मग हळूहळू त्यांचं ते बोलणं थांबलं. मला वाटलं, रुळले. दुपारी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायला लागले होते, एवढंच काय ते दिसत होतं.

एका संध्याकाळी मी बादलीत मीठ ढवळत होतो तेव्हा ते म्हणाले, "पिवळं पडलं म्हंजे भूक लागली त्याला. तू नुसतं धुवून काहून राहिला?"

मला हसू आलं. मास्तरकीच्या सुरात मी समजावलं की हे झाड नाही, प्राणी आहे. त्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, आणि त्याचाही वाटा या रंगात असतो. दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे आत पीकच हाय की," ते म्हणाले.

मी मान हलवली आणि बादली उचलली. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

त्यानंतर महिनाभरात रंग सुधारायला लागला. आधी हिरवा गडद झाला, मग एका सकाळी कडांना केशरी रेघ दिसली. मी बायकोला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं. त्याच दिवशी मित्राला फोन केला आणि ट्यूबलाइट नेमकी किती उंचीवर ठेवली, दिवसाला किती तास लावली, सगळं ऐटीत सांगितलं. त्याने ते लिहूनही घेतलं. दादा खुर्चीत बसून ऐकत होते. गालात हसत होते. मला वाटलं, लेकाचं कौतुक वाटतंय.

बाटली मला एका रविवारी सापडली. त्यांच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, खिडकीत पडद्याआड ठेवलेली, आत पाण्यासारखं काहीतरी. शेजारी कागदाच्या पुडीत पांढरे दाणे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला युरिया ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कापूस पिवळा पडला की मूठभर मारायचा आणि आठ दिवसांत हिरवागार करायचा, हे मी लहानपणापासून बघितलेलं. दादांनी तेच माझ्या टाकीत केलं होतं.

माझं डोकं फिरलं. टाकीत काही मेलं नव्हतं, उलट सगळं फुललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच जास्त राग आला. मित्राला ऐटीत सांगितलेलं सगळं आठवलं. मी दादांना वाट्टेल ते बोललो. विष आहे ते, सगळं एका दिवसात मेलं असतं, वगैरे. शेवटी म्हणालो, "हे तुमचं शेत न्हाई दादा. जिथलं कळत न्हाई तिथं हात घालू नका."

बायको दारात उभी होती. ती मला गप्प करायला पुढे आली, पण बोलून झालं होतं.

"बराबर हाय," दादा म्हणाले आणि पुडी खिशात घातली.

पाचव्या दिवशी, आम्ही कामावर असताना, पेटी घेऊन ते सेनगावच्या जीपमध्ये बसले. शेजारणीजवळ निरोप ठेवला होता की हरभऱ्याकडे बघायला हवं, चुलतभावाला एकट्याला उरकत नाही. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी पाणी बदलत राहिलो. महिना उलटायच्या आत कडा पुन्हा फिकट झाल्या.

आणायला जायचं हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, पण काय म्हणून जाऊ? माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. शेवटी प्रवाळानेच निमित्त दिलं. युरियाचं प्रमाण विचारायचं. त्यांचं खरं होतं हे न बोलता कबूल होईल, ते खूश होतील, आणि मी म्हणेन चला. जीपमध्ये मी हे सगळं मनात दहा वेळा घोळवलं. माझ्या या युक्तीवर मी बराच खूश होतो.

दादा चुलतभावाच्या ओसरीवर बसले होते. पाच शब्द बोलले की थांबत होते आणि छातीतली शिट्टी मला चार हातांवरून ऐकू येत होती. चहा झाला. हरभऱ्याचं झालं. मग मी विचारलं, "दादा, किती टाकत होते तुमी?"

त्यांचा चेहरा उजळला. आधी एकच थेंब टाकून आठ दिवस बघितलं, म्हणाले. तोंडं मिटली नाहीत, मग दुसरा. असं करत करत माप बसवलं. बाटलीभर पाण्यात पाच दाणे, त्यातलं एक झाकण, दर तिसऱ्या दिवशी, दिवा लागून तोंडं पुरती उघडल्यावर. तू पाणी बदललेल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. रंग गडद व्हायला लागला की हात आखडायचा, नाहीतर काळवंडतं. किती बारकाईने बघितलं होतं त्यांनी. आमच्या त्या रिकाम्या घरात दुपारच्या दुपारी बसून त्यांनी हे केलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते रुळले.

कॉलेजातल्या सवयीने मी खिशातून कागद काढला आणि सांगतील तसं लिहीत गेलो. झाकण, दाणे, दिवस. एक-दोनदा त्यांना थांबवून पुन्हा विचारून घेतलं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"बराबर लिहिलंस ना सगळं?"

मी हो म्हणालो. मग घाईघाईने म्हणालो की आता चला, जीप उभी आहे, पेटी मी घेतो.

दादा थोडं हसले. रागाचं काही नव्हतं त्यात. श्वास पुरा घेऊन त्यांनी विचारलं, "मंग आता माझं काय काम हाय तिथं?"

डॉक्टरांचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं. पण त्यांनी दम्याचं विचारलं नव्हतं, आणि त्यांनी ज्या कामाचं विचारलं होतं ते माझ्या हातात लिहून तयार होतं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. चुलतभावाने त्याला हात करून सांगितलं की एकच जण आहे.