परत येण्याची खात्री

सोलापूर स्टेशनवर मला निरोप द्यायला दोघंच आले होते, माझे आप्पा आणि मला शिकवणाऱ्या बाई. आमच्या गावाहून, मंद्रूपहून आणलेली कडक भाकरी-शेंगाचटणीची पिशवी आप्पांनी माझ्या हातात दिली आणि बाईंकडं न बघताच म्हणाले, “संस्कृत शिकून पोटाला काय मिळतंय, असं मी म्हनायचो. तुमी तर आमचं पोरगंच परदेशी धाडलं की.”

बाईंनी माझी बॅग डब्यात सरकवली.

त्या सोलापूरच्या कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापिका. दर जूनमध्ये गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करायच्या. मलाही तशाच घेऊन आल्या. शेवटच्या वर्षी वर्गात मी एकटा होतो. मी इथंच थांबतो म्हणालो, तर म्हणाल्या, “थांबून कुणाला शिकवशील?”

मी पुढं शिकायला परदेशी गेलो आणि कॉलेजातला संस्कृत विषय बंद झाला. निवृत्तीपर्यंत बाईंना फाटकाशी बसवून मुलांची ओळखपत्रं तपासायला लावली. जुने सहकारी जाता-येता विचारायचे, “काय बाई, आज किती श्लोक झाले?”

इकडं युरोपात मला विद्यापीठात नोकरी लागली. बाईंनी शिकवलेलंच मी शिकवतो आणि माझा वर्ग भरतो. विभागप्रमुखांच्या मागं लागून मी बाईंना व्याख्यानाचं निमंत्रण पाठवलं. नवी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या बाईंनी पासपोर्ट काढला, सोलापूरच्या उन्हात लोकरीचा कोट शिवून घेतला. मुंबईला जाऊन व्हिसासाठी मुलाखत दिली.

व्हिसा नाकारला. नवरा नाही, मूल नाही, नोकरी नाही. अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही, असं कारण दिलं होतं.

मी फोनवर चिडलो, अपील करू म्हणालो. बाई शांतपणे म्हणाल्या, “चूक काय लिहिलंय त्यांनी? परत येऊन, ‘आले रे बाबा’ असं मी कुणाला सांगणार होते?”

पुढं त्या माझे फोन घेईनाशा झाल्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. घरमालकाला कळलं ते वास सुटल्यावर. मी पोचलो तेव्हा खोलीचं गोदाम झालं होतं, कापडाचे गठ्ठे रचले होते. गठ्ठे मोजणारा माणूस म्हणाला, “कोण बाई?”

तिथनं मंद्रूपला गेलो. तुमच्यातले जे असे दूर गेलेत, त्यांना हे माहीत असेल. आईनं पाणी दिलं आणि विचारलं, “परत कवा जायाचं?”

मी तारीख सांगितली. तिनं तेवढ्याच दिवसांची ज्वारी दळायला काढली. माझं घर आता तेवढंच आहे.