मधल्या किमतीची रील

"हे घ्या तुमचं पीठ," असं म्हणत पुंडलिककाकांनी बोटांच्या व्यायामाच्या हिरव्या, मऊ पुट्टीचा गोळा माझ्या टेबलावर ठेवला. "मले नाई करायचं आता हे. लेकरायचे खेय हायेत हे."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अकोल्यात हाताची ऑपरेशन्स करणाऱ्या एका सर्जनकडे काम करते. बावीस वर्षं झाली. लोक मला फिजिओच म्हणतात, मीही आता दुरुस्त करत बसत नाही. बोट वाकायला लागलं म्हणजे माझं काम संपलं, असं नसतं. त्या बोटाने माणूस शर्टाचं बटण लावायला लागला की संपतं.

पुंडलिककाका हिवरखेडचे. वय अठ्ठावन्न. गोठ्याचे पत्रे बदलताना एक पत्रा घसरला आणि त्यांनी तो उजव्या हाताने पकडायचा प्रयत्न केला. तीन बोटांच्या टेंडन कापल्या गेल्या. टेंडन म्हणजे बोट ओढणारी दोरी. स्नायू असतो कोपराच्या खाली, बोट असतं पुढे, आणि मधे ही दोरी. आमच्या सरांनी, म्हणजे डॉ. लांडेंनी, ती शिवली होती. शिवण उत्तम होती. पण शिवलेली टेंडन आजूबाजूला चिकटत जाते. ती मोकळी ठेवायला दिवसातून चार-पाच वेळा बोटं हलवावी लागतात. सुरुवातीला नुसती, मग हळूहळू जोर लावून. जोर लवकर लावला तर शिवण उसवते. उशीर केला तर बोटं आखडतात ती आखडतातच.

काकांचा ऑपरेशननंतरचा नववा आठवडा चालू होता. मूठ अर्धीच मिटत होती.

"घरी व्यायाम करतात का?" मी सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, विचारलं.

"कायले करतात! तो गोया डब्यातच पडून रायते. मी एक दिवस शियं पीठ समजून फेकूनच देत होती."

मी काकांना विचारलं, "पत्रा लागायच्या आधी या हाताने सगळ्यात आवडीचं काम कोणतं करत होता?"

मला वाटलं, शेतातलं काही सांगतील. काका म्हणाले, "मरय पकडत होतो."

मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा, काळा, सापासारख्या डोक्याचा मासा. काका गळाने मरळ पकडत. गावच्या तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीची त्यांना वर्षानुवर्षांची परवानगी. प्लॅस्टिकचा बेडूक दोरीला बांधून पाण्यावर फेकायचा आणि रील, म्हणजे गळाच्या काठीवरची दोरी गुंडाळायची चकरी, फिरवत तो टुणटुण उडवत परत आणायचा. हे सांगताना त्यांचा उजवा हात हवेत आपोआप गोल फिरायला लागला. दोन महिन्यांत मी तो हात इतका हललेला पाहिला नव्हता.

मी तशीच सरांकडे गेले.

"रील? मासे पकडायची?" सर म्हणाले.

"हो सर. बारा आठवडे झाल्यावर. हँडल फिरवायला पकड लागते, मनगट लागतं. आणि ते स्वतःहून करतील."

"मरळ किती किलोची असते?"

"काका दोन म्हणतात."

"म्हणजे एक. पण झटका बसला तर? टेंडन तुटली तर पुन्हा शिवण्यात मजा नाही, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी चष्मा काढला. "झटका नको. आणि हातावर जास्तीत जास्त किती भार येईल, ते मला आकड्यात सांगा. मग करा."

काकांची जुनी रील मी मागवून पाहिली. ती अडकत अडकत फिरायची आणि दोरी सोडताना हिसके द्यायची. तिचा प्रश्नच मिटला. नवी घ्यायची ठरली.

इथे मी चूक केली. दोन दिवस इंटरनेटवर माहिती वाचली आणि मला वाटलं, मला रीलमधलं कळायला लागलं. आमच्या धंद्यात कमजोर हाताला हलकी वस्तू देतात. म्हणून मी सगळ्यात छोटी, सगळ्यात हलकी रील ऑनलाइन मागवली. दिसायला सुंदर होती.

काकांनी ती थेरपीच्या खोलीत हातात घेतली. हँडलच्या टोकाची मूठ शेंगदाण्याएवढी. त्यांची बोटं तेवढी मिटतच नव्हती. एकदा निसटली, दोनदा निसटली. खोलीत आणखी चार पेशंट होते, सगळे बघत होते. चौथ्यांदा निसटल्यावर काकांनी रील हळूच खाली ठेवली.

"मॅडम, तुमी माही गंमत करून राहिल्या काय?"

त्यानंतरच्या दोन अपॉइंटमेंटना ते आले नाहीत. मी फोन केला तर काकूंनी उचलला. "ते म्हणतात, झालं ते झालं. डाव्या हातानं जेवायले शिकले ते आता."

हे ऐकून मी फोन ठेवला. डाव्या हाताने जेवायला शिकलेला माणूस उजवा हात सोडून देतो. पुट्टी परत करताना ते माझ्यावर नुसते वैतागले होते. रीलनंतर त्यांनी आशाच सोडली होती, आणि ती रील मी दिली होती.

अकोल्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मुश्ताकभाईंचं दुकान आहे. जाळी, सुतळी, गळ, रॉड, रील. साठीचे गृहस्थ, स्वतः गळाचे शौकीन. मी जेवणाच्या सुट्टीत ती रील घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी रील कानाजवळ धरून फिरवली.

"चीज अच्छी है। पण घेताना त्यायचा हात पायला होता काय?"

"हात तर मी रोजच पाहते."

"तसा नाई, मॅडम. हँडलवर. घेऊन या त्यायले."

"ते यायला तयार नाहीत."

"फोन लावून द्या मले."

मी लावून दिला. नमस्कार नाही, ओळख नाही. मुश्ताकभाईंनी थेट विचारलं, "पुंडलिकभाऊ, तुमच्या तलावात मरळ बेडूक घेऊन राहिली का सध्या? इकडं तर काहून कोण जाणे, तोंडच नाई लावत."

पुढची दहा मिनिटं ते दोघं बोलत होते. हाताचा विषय एकदाही निघाला नाही. गुरुवारी काका अकोटमार्गे एसटीने दुकानात हजर झाले, काकूंसकट.

मुश्ताकभाईंनी काउंटरवर तीन रील मांडल्या. स्वस्त, मधली आणि महाग.

"महागाची द्या," काका म्हणाले. "पोरगा म्हणे, घेता तर चांगलीच घ्या."

"नाई देत."

"काहून?"

"हिचं हँडल एकदा फिरवलं की दोरी खूप येते. पण तेवढंच फिरवायले जड. सायकलीचा मोठा गिअर समजा. तुमच्या हाताले चढावर मोठा गिअर कायले पायजे?"

मग त्यांनी स्वस्त रीलची दोरी ओढून दाखवली. टक्, थांब, टक्, थांब. रीलला ड्रॅग नावाची एक सोय असते. मासा जोरात ओढायला लागला तर रीलने स्वतःहून दोरी सोडायची, म्हणजे दोरी तुटत नाही. किती जोरावर सोडायची, ते पुढचं गोल बटण पिळून ठरवायचं. स्वस्त रीलचा ड्रॅग हिसके देत होता. मधलीची दोरी तुपासारखी सुटत होती. ती मी आणलेल्या रीलपेक्षा चांगली जड होती. पण स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते आणि तिचं वजन रॉड धरणाऱ्या हातावर येतं. काका रॉड धरणार डाव्या हातात. म्हणजे मी ज्या वजनाची एवढी काळजी केली, ते दुखऱ्या हातावर येणारच नव्हतं.

मुश्ताकभाईंनी हँडल काढून उजव्या बाजूला लावलं. मग भिंतीवरून एक वापरलेली रील उतरवली, तिची लिंबाएवढी फोमची मूठ स्क्रू काढून सोडवली आणि या हँडलवर बसवली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माही."

"अहो, मग तुमची रील?"

"मले दोन्ही हात हायेत, मॅडम. दुसरी येईन."

काकांनी मूठ धरली. बोटं तिच्याभोवती बसली. त्यांनी एक फेरा फिरवला, मग दुसरा, मग फिरवतच राहिले. शांताकाकू पदर तोंडाला लावून बाजूला वळल्या.

मला सरांची अट आठवली. मी विचारलं, "ड्रॅग किती किलोवर सुटतो, हे मोजता येतं का?"

मुश्ताकभाईंनी खणातून सामान तोलायचा छोटा काटा काढला, दोरी त्याला अडकवली. "सांगा, कितीवर लावू?"

"आठशे ग्रॅम."

त्यांनी बटण पिळलं, ओढलं, परत पिळलं. आठशेवर दोरी सुटली. मासा केवढाही असो, आठशेच्या वर ओढ गेली की रील दोरी सोडणार. मी तिथूनच सरांना फोन केला. सर म्हणाले, "ठीक. बटणाला कोणी हात लावायचा नाही."

बारा आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सुरुवात केली. दोरीच्या टोकाला पाण्याची बाटली. काका एका टोकाला खुर्चीवर, बाटली फरशीवरून सरकत त्यांच्याकडे. दर आठवड्याला बाटलीत थोडं पाणी वाढवायचं. ही कल्पनाही मुश्ताकभाईंचीच. आमच्या पुस्तकात याला ग्रेडिंग म्हणतात. घरी काका अंगणात बाटली ओढत बसायचे. काकूंची तक्रार सुरू झाली की, दोरीत बकऱ्या अडकतात. इतकी आवडती तक्रार मी क्वचित ऐकली असेल.

सोळाव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी मी हिवरखेडला गेले. तलावाच्या काठाने बेशरमाची झुडपं. काकांना डाव्या हाताने फेकायची सवय नव्हती. पहिले तीन बेडूक झुडपात गेले. चौथा पाण्यावर पडला, दोन उड्या मारल्या आणि खालून काहीतरी फुटल्यासारखं पाणी उसळलं. रील किर्रर्र करायला लागली. मी मासा पाहतच नव्हते, काकांची बोटं पाहत होते. मासा झुडपांकडे निघाला. काकांची बोटं ड्रॅगच्या बटणाकडे गेली.

"काका, बटणाला हात नाही लावायचा!"

"अवो, जाईन ना ते!"

"जाऊ द्या!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बटण सोडलं. मासा झुडपात शिरला, दोरी अडकली, तुटली. काकांनी तुटलेली दोरी गुंडाळून घेतली. मला वाटलं, आता हे पुन्हा डाव्या हाताने जेवणार.

"दुसरा बेडूक द्या," ते म्हणाले.

तासाभराने मरळ आली. सर म्हणाले होते तेवढीच, साधारण किलोची. काकांनी ती उजव्या हाताने ओढून काठाशी आणली. बटण आठशेवरच होतं.

पुढे तीन महिन्यांनी सरांनी त्यांना मोकळं केलं. अनामिकेचं टोक पूर्ण वाकत नाही, ते आता वाकणारही नाही. पकड डाव्या हाताच्या दोन तृतीयांश आली. काका उजव्या हाताने जेवतात, बटणं लावतात, पाना फिरवतात. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मरळ आणली होती, बर्फात घालून. मी शाकाहारी आहे. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "मंग मुश्ताकभाईलेच नेऊन देतो. तसंही त्याचंच हाय ते." आणि खरंच चालत बसस्टँडकडे गेले.

सरांनी केस पेपरवर माझं कौतुक लिहिलं. मी त्यांना सांगितलं, की रील मुश्ताकभाईंनी निवडली, भार त्यांनी मोजला, पेशंटला परत त्यांनी आणलं. मी फक्त हात शिकले होते, हँडलवरचा हात नाही. सर म्हणाले, केस पेपरवर दुकानदाराचं नाव लिहायला रकाना नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हापासून मी पेशंटसाठी एकही वस्तू ऑनलाइन मागवलेली नाही. आधी पेशंटला दुकानात नेते, त्याच्या हाताने वापरून बघते, मग घेते. वेळ फार जातो. सर कुरकुरतात. कुरकुरू देत.