तापीवर नेलेले बूट

अकोल्याहून निघताना डॉक्टरांनी बजावले, अनवाणी एक पाऊलही टाकायचे नाही. मधुमेहापायी गेल्या वर्षी माझ्या डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली होती. बऱ्हाणपूरच्या ताईने तापीत नावेने फिरायचा बेत पत्रातून कळवला होता, म्हणून मी ओल्यात न घसरणारे, रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदाराने ते बादलीत बुडवून दाखवले.

कालपर्यंत अकोला आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होते. राज्यांच्या छप्पन सालच्या नव्या वाटणीत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले, आम्ही मुंबई राज्यात गेलो. गाडीला हे कुणी सांगितले नसावे. ती नेहमीइतकीच उशिरा पोचली.

बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या घरी, ताईने मावा-जिलबी (खव्याची जाड, काळपट जिलबी) पुढे केली. मी पोट बिघडल्याचे सांगितले. बोटांचे तिला कळवलेच नव्हते. बाबांचा आधी अंगठा गेला, मग पाय, मग बाबा. तिन्ही वेळा उशाशी तीच होती.

सकाळी घाटावर गेलो. लग्न होऊन तीस वर्षे ताई या गावात आहे, पण नावेत कधी बसली नव्हती. डोंग्यात (अरुंद, लांबट होडीत) ती आधी जाऊन बसलीसुद्धा. नावाड्याने माझ्या पायांकडे पाहिले.

"बूट इथंच राहू द्या, भाऊसाब. नावेची रोज पूजा करतो आम्ही."

मी म्हटले, तुम्ही जाऊन या, मी काठावर बसतो. ताई लगेच उठू लागली. एकटीने जायचे नाही म्हणाली. तिचे तोंड एवढेसे झाले होते. मग मी पायरीवर बसून बूट काढले, मोजेही काढले.

ताई वाकून माझ्या डाव्या पायाकडे पाहू लागली.

"बाबांसारखंच?"

मी होकारार्थी मान डोलावली आणि अनवाणीच डोंग्यात जाऊन बसलो. डोंग्याच्या तळाशी खडे होते, एका फळीला कुसळे होती. ताईने पदर मांडीवर पसरला आणि माझा पाय उचलून त्यावर ठेवला. थोरल्या बहिणीला पाय लागू नये एवढे मला कळते. मी पाय ओढून घेऊ लागलो.

"गप बस. हलू नको."

नावाडी वल्हे मारत राहिला. मला फार लाज वाटली, आणि फार बरेही वाटले.

आता अकोल्यात नावेसाठी कोणते बूट घ्यावेत असे कुणी विचारले तर मला सांगता येत नाही. माझे घाटावर कोरडे राहिले. नदी कशी दिसते हे ताईलाही सांगता येणार नाही. तीस वर्षांनी नावेत बसली, आणि सगळा वेळ माझा पाय पाहत राहिली.